वारीच्या गाडीची बॅटरी : एक जमाखर्च

ज्येष्ठ लागला आणि मृगाचे चार थेंब पडले की आपल्या भागात दोन कामांची लगबग एकदमच सुरू होते. एक पेरणीची आणि दुसरी वारीची. जालना रस्त्यावरच्या करमाडला बाजाराच्या दिवशी उभे राहावे, म्हणजे दोन्ही गोष्टी एका नजरेत दिसतात. इकडे बियाण्याच्या आणि खताच्या पिशव्या बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये चढत असतात, तर तिकडे एखाद्या टेंपोवर बांबू बांधून ताडपत्री ओढण्याचे काम चाललेले असते. ज्येष्ठ वद्यात पैठणहून नाथांची पालखी निघते आणि पाटोदा, खर्डा, परंडा असे मुक्काम करीत आषाढी एकादशीच्या आत पंढरपूर गाठते. तिच्यामागे ज्या दिंड्या चालतात, त्यांच्यापैकी बहुतेकींबरोबर एक तरी गाडी असतेच.

ही गाडी म्हणजे काय असते, हे आपल्याला सांगायला नको. ते चाकांवरचे घरच असते. तिच्यात शिधा असतो, पातेली असतात, शेगडी असते, वारकऱ्यांच्या वळकट्या असतात, औषधाची पेटी असते. शिवाय कीर्तनाचा माइक, मुक्कामावरचे दिवे आणि अलीकडे प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल. पाश्चात्त्य देशांत निजायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारी घेऊन लोक सहलीला जातात, असे आपण ऐकतो. आपली दिंडीची गाडी त्याच जातीची, फक्त तिच्यात चार माणसांऐवजी चाळीस माणसांचा संसार असतो.

या संसारातला प्रत्येक दिवा, माइकचा प्रत्येक शब्द आणि सकाळी इंजिन सुरू करणारा सेल्फ, हे सारे एका पेटीवर अवलंबून असते. ती पेटी म्हणजे बॅटरी. आज तिच्याबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आता आपण म्हणाल, हे काम मिस्त्रीचे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला यात काय कळते? शंका रास्त आहे. पण बॅटरीचा प्रश्न हा निम्मा यंत्राचा आणि निम्मा जमाखर्चाचा आहे, आणि जमाखर्च हा तर माझाच विषय. दिंडीचा पैसा हा वर्गणीचा पैसा असतो. कोणी शंभर रुपये दिलेले असतात, कोणी पायलीभर ज्वारी. गाडी सुरू होत नाही म्हटल्याबरोबर वाटेत घाईघाईने नवी बॅटरी घ्यायची, आणि दोन दिवसांनी कळायचे की दोष बॅटरीचा नव्हताच, ढिल्या तारेचा होता! हा खर्च कोणाच्या खिशातून गेला? आणि पैशाहूनही मोठी गोष्ट अशी की, पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेला बंद पडलेली, मागचा लाल दिवा विझलेली गाडी ही चालणाऱ्या माणसांच्या जिवावरचा प्रसंग असते. मागून येणाऱ्या वाहनाला ती दिसत नाही, आणि गाडीच्या आजूबाजूला तर आपलेच म्हातारेकोतारे लोक असतात.

म्हणून पहिली गोष्ट ही, की तपासणी प्रस्थानाच्या आदल्या दिवशी करू नये. निदान आठ दिवस आधी करावी. उतरलेली बॅटरी सावकाश चार्ज करायला एक सबंध रात्र लागते. एखादी तार, एखादा पट्टा बदलायचा झाला तर बाजाराचा दिवस गाठावा लागतो.

बॅटरीच्या पोटात काय असते ते थोडक्यात पाहू. गास्तों प्लाँते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांची आणि सौम्य गंधकाम्लाची बॅटरी बनवली. तीच तऱ्हा, पुष्कळ सुधारणा होऊन, आजही आपल्या गाड्यांत आहे. आत सहा खण असतात. प्रत्येक खण दोन व्होल्टहून थोडा अधिक दाब देतो. सहा खण मिळून बारा व्होल्टची बॅटरी होते. मोठ्या ट्रकमध्ये अशा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट करतात. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर बसला, आणि हँडल मारून गाडी सुरू करण्याची कसरत हळूहळू संपली. ती कसरत आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. हँडल गेले, पण त्याबरोबर बॅटरीचा आधारही अपरिहार्य झाला.

बॅटरीला मारते कोण? लोक पावसाळ्याला दोष देतात. खरा मारेकरी आपला उन्हाळा असतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, आणि बॉनेटखाली त्याहूनही अधिक उष्णता असते. पाणी आटते, पत्रे उघडे पडतात, आतली झीज वाढते. मात्र उन्हाळ्यात लागलेला हा रोग उघडकीला येतो तो पावसाळ्यात, म्हणजे नेमका वारीच्या दिवसांत.

तेव्हा तपासणी डोळ्यांनी सुरू करू या. पेटी फुगली आहे का, तडकली आहे का, खाली ओल आहे का, ती घट्ट बांधलेली आहे का, हे आधी बघावे. हलणारी बॅटरी खडबडीत रस्त्यावर आतून मोडते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ती धुवावी. बुचे मात्र बंद असू द्यावीत, कारण सोडा आत गेला तर आम्ल निकामी होते. मग टर्मिनल कोरडे करून, आवळून, वरून पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवावे. तारा सोडताना आधी मायनसची सोडावी, जोडताना ती शेवटी जोडावी. म्हणजे पाना चुकून गाडीच्या सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. मायनसची जी पट्टी सांगाड्याला जोडलेली असते, तिचे दुसरे टोकही पाहावे, बरं का. ते गंजलेले असते आणि कोणाच्याच लक्षात येत नाही.

ज्या बॅटरीला बुचे आहेत तिच्यात पाण्याची पातळी पत्र्यांच्या वर साधारण बोटभर असावी. कमी असेल तर डिस्टिल वॉटरच घालावे. बोअरचे नाही, नळाचे नाही, बाटलीतले पिण्याचेही नाही. आपल्या भागातले पाणी जड, त्यातले क्षार पत्र्यांवर बसतात. आम्ल तर कधीच घालू नये. आटते ते पाणी, आम्ल आतच राहते. बंद पेटीच्या बॅटरीवर जो हिरवा डोळा असतो तो पाहावा, पण त्याच्यावर विसंबू नये. तो सहापैकी एकाच खणाची हकीकत सांगतो.

यानंतरचे काम मोजण्याचे. यासाठी मल्टिमीटर नावाचे लहानसे यंत्र लागते. ते विजेच्या सामानाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते, आणि दिंडीच्या पेटीत ते असावेच असे मी म्हणेन. मोजायचे तीनदा : गाडी झोपलेली असताना, उठत असताना आणि चालू असताना.

पहिले मोजमाप सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर घ्यावे. गाडी बंद केल्याबरोबर घेतलेला आकडा फसवा असतो. सकाळी १२.६ किंवा १२.७ व्होल्ट आले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली आली तर जवळजवळ रिकामी. चोवीस व्होल्टच्या गाडीत हे आकडे दुप्पट धरावेत, पण दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्याही मोजाव्यात.

दुसरे मोजमाप सेल्फ मारताना. एकाने मीटर धरावा, दुसऱ्याने किल्ली फिरवावी. आकडा खाली जाणारच, पण बारा व्होल्टच्या गाडीत तो साडेनऊच्या खाली जाऊ नये. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना आठवर कोसळत असेल, तर ती वरून धडधाकट आणि आतून पोखरलेली आहे असे बहुधा समजावे. आकडा चांगला राहतो आणि तरी सेल्फ मंद फिरतो, असे झाले तर संशय तारांवर आणि सेल्फवर घ्यावा. दोन-तीनदा सेल्फ मारून टर्मिनलला हात लावून बघा. जो सांधा तापला असेल, तो सैल किंवा मळलेला आहे.

तिसरे मोजमाप इंजिन चालू असताना, थोडी रेस देऊन. आता साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. म्हणजे अल्टरनेटर, ज्याला जुने लोक अजून डायनामो म्हणतात, तो बॅटरीला पुरेसे खाऊ घालतो आहे. इंजिन चालू असूनही आकडा साडेबाराच्या आसपासच रेंगाळला, तर चार्जिंग होत नाही. तेव्हा आधी पट्टा पाहावा. इंजिन बंद करून पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबावे. तो साधारण अर्धा इंच दबावा, त्याहून फार नाही. मग अल्टरनेटरच्या तारा पाहाव्यात, आणि त्यानंतर मिस्त्रीला बोलवावे. उलट आकडा १४.८ च्या वर गेला, तर चार्जिंग प्रमाणाबाहेर होते आहे. अशी बॅटरी उकळते आणि तिचे पाणी चार दिवसांत आटते. समोरचा चार्जिंगचा लाल दिवा किल्ली फिरवल्यावर लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळात लागतच नसेल, तर त्यात आनंद मानू नये. बहुधा बल्बच गेलेला असतो, आणि मग धोक्याची सूचना देणारे कोणी उरत नाही.

या तीन आकड्यांचा फायदा असा, की दोषी कोण ते कळते. बॅटरी, तारा की अल्टरनेटर? हे ठरल्याशिवाय खिशात हात घालू नये.

ज्या बॅटऱ्यांना बुचे आहेत त्यांच्यासाठी हायड्रोमीटरची काचेची नळीही फार उपयोगी. मिस्त्री तिला ‘ग्रॅव्हिटी बघणे’ म्हणतात. भरलेल्या बॅटरीत आकडा साधारण १२४० ते १२८० च्या दरम्यान असतो. उष्ण प्रदेशासाठी भरलेल्या बॅटरीत तो थोडा कमी असतो. पण आकड्यापेक्षा सहा खणांची तुलना महत्त्वाची. पाच खण १२५० दाखवतात आणि सहावा ११८० वर अडला आहे, तर तो खण गेला. एका नासक्या आंब्याने पेटी जाते, तसेच हे आहे.

श्रोतेहो, इथवर झाली यंत्राची तपासणी. यात गाडी उत्तीर्ण झाली म्हणजे काळजी मिटली, असे पुष्कळांना वाटते. पण वारीत बॅटरी बसते ती बरेचदा दोषामुळे नव्हे, हिशेबामुळे. आता आपण वही-पेन्सिल घ्यावी.

बॅटरीवर शंभर अँपिअर-तास असे लिहिलेले असते. याचा अर्थ ती पाच अँपिअरचा प्रवाह सुमारे वीस तास देईल. मात्र गाडीच्या साध्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक काढू नये. पुन्हा पुन्हा तळ गाठला तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे आपल्या हातात खर्चाला पन्नास.

आता मुक्कामाचा खर्च मांडू. नऊ वॅटचे सहा दिवे पाच तास जळले : २७० वॅट-तास. माइक आणि ॲम्प्लिफायर सरासरी ४० वॅट धरले, तीन तास : १२० वॅट-तास. एकूण ३९०. याला बाराने भागले तर साडेबत्तीस अँपिअर-तास होतात. इन्व्हर्टरमध्ये आणि तारांत जे वाया जाते ते धरून अडतीस म्हणू. पन्नासाच्या आत बसले. पण थांबा, मोबाइल राहिले! एक मोबाइल भरायला सगळे धरून सुमारे पंचवीस वॅट-तास लागतात. वीस मोबाइल म्हणजे पाचशे वॅट-तास, म्हणजे आणखी चाळीसहून अधिक अँपिअर-तास. दिवे आणि कीर्तन मिळून जेवढे खातात त्याहून अधिक हे मोबाइल खातात. एकेक मोबाइल हातात घेतला तर लहान दिसतो, पण थेंबे थेंबे तळे साचते तसे ते थेंबे थेंबे रितेही होते.

मोबाइल बाजूला ठेवू. खर्च अडतीस धरू. आता जमेकडे बघा. एरवी गाडी दिवसभर धावते, बॅटरी आपोआप भरते. वारीत तसे नसते. दिंडी पायी चालते. गाडी पुढच्या मुक्कामाला जाते, तो मार्ग पंधरा-वीस किलोमीटरचा. इंजिन चालले किती? फार तर चाळीस मिनिटे. तेवढ्यात बॅटरीत सरासरी पंचवीस अँपिअरने भरणा झाला असे मानले तरी जमा होतात सतरा. खर्च अडतीस, जमा सतरा, रोजची तूट एकवीस!

शंभराने निघालो. पहिल्या रात्रीनंतर उरले बासष्ट. दिवसा सतरा आले, एकोणऐंशी झाले. दुसऱ्या रात्रीनंतर एकेचाळीस. पुन्हा सतरा, अठ्ठावन्न. तिसऱ्या रात्रीनंतर वीस. तिसऱ्या पहाटे काकड्याच्या वेळी किल्ली फिरवली तर सेल्फ नुसता कट्‌ कट्‌ करतो. मग सगळे म्हणतात, “बॅटरी खराब निघाली.” बॅटरी बिचारी चांगलीच होती. घराचा खर्च मिळकतीपेक्षा अधिक असेल तर कणगी किती दिवस पुरेल?

यावर उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे चूल वेगळी करणे. दिवे आणि माइक यांच्यासाठी दुसरी बॅटरी ठेवावी, आणि सेल्फच्या बॅटरीला रात्री कोणी हात लावू नये. दोन्हींच्या मध्ये असा रिले बसवून घ्यावा, की इंजिन चालू असताना दोन्ही भरतील आणि बंद होताच वेगळ्या होतील. मग दिवे विझले तरी गाडी सुरू होते. दुसरा उपाय सूर्याचा. टपावर दीडशे वॅटचे सौर पॅनेल बांधले आणि आषाढातल्या ढगांमुळे तीन तासांचेच पुरते ऊन धरले, तरी वाया जाणारे वजा करून पंचवीसच्या आसपास अँपिअर-तास मिळतात. आपली एकवीसची तूट भरून निघाली! झड लागली तर मात्र पॅनेल उपाशी, हेही ध्यानात असावे. तिसरा उपाय, दर तीन-चार मुक्कामांनी एखाद्या गावी परवानगी घेऊन चार्जरवर रात्रभर बॅटरी लावावी. आणि चौथा, फुकटचा : मोबाइल गाडी चालू असतानाच भरावेत, रात्री नाही.

चोवीस व्होल्टच्या ट्रकवाल्यांना एक विनंती. बारा व्होल्टचा माइक चालवण्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीतून तार काढण्याची पद्धत सर्रास आहे. तसे करू नये. ती एक रिकामी होते, दुसरी भरलेली राहते. इंजिन चालू झाले की भरलेलीला जास्त चार्ज बसतो आणि रिकामी अर्धपोटीच राहते. थोड्याच काळात दोन्ही जातात. चोवीसाचे बारा करणारे कन्व्हर्टर मिळते, ते बसवून घ्यावे.

आता सुरक्षिततेचे. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण दोन तारा एकमेकींना टेकल्या तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि तार लाल होते. वर ताडपत्री, खाली वळकट्या! म्हणून प्रत्येक जादा तारेला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नये. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ विडी नको, काडी नको, गॅसची शेगडी तर नकोच. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. दुसऱ्या गाडीवरून चालना देताना प्लसला प्लस जोडावे, आणि मायनसची शेवटची टोक आपल्या बॅटरीला न लावता लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावावी. जुनी बॅटरी भंगारात फोडू देऊ नये; शिसे विषारी असते. ती दुकानदाराकडे परत करावी. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सुचवावेसे वाटते. आठवी ते दहावीच्या मुलांना वीज शिकवताना आपण फळ्यावर खणांची आकृती काढतो. गावातून दिंडी निघणार असेल, तर एक दिवस मुलांना त्या गाडीपाशी न्यावे. चालकदादांना विचारून मुलांकडून तीन आकडे मोजून घ्यावेत. बॅटरीच्या पाण्याला हात लावू देऊ नये, एवढे पथ्य पाळावे. मग दिव्यांचे वॅट, तास, जमा, खर्च यांचा तक्ता करायला सांगावा. व्होल्ट, अँपिअर, गुणाकार, भागाकार आणि काटकसर असे पाच धडे एका तासात होतील. आणि तो तक्ता चालकदादांच्या हाती दिला, तर मुलांचा अभ्यास दिंडीबरोबर पंढरपुरापर्यंत जाईल.

थोडक्यात, आठ दिवस आधी तपासणी, सकाळी, सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना अशी तीन मोजमापे, आणि रोजच्या जमाखर्चाची एक पानाची वही. एवढे केले तर वर्गणीचा पैसा वाचेल, पहाटे गाडी वेळेवर निघेल आणि तिचा मागचा लाल दिवा चालत्या माणसांना सांभाळील. आपणां सर्वांचा प्रवास सुखाचा होवो.